अंगठ्याने पाहिलेला उजेड

मी टेस्ट लॅम्प बोलतोय. गाडीचं वायरिंग बघणाऱ्या माणसाच्या खिशाला पेनासारखा अडकवलेला असतो ना, तोच मी. पारदर्शक मुठीचा एक जुना स्क्रूड्रायव्हर, टोक घासून सुईसारखं केलेलं, मुठीत इवलासा बल्ब आणि मागून निघालेली काळी वायर, तिच्या शेवटी चिमटा. एवढाच माझा देह.

काम माझं साधं आहे. चिमटा गाडीच्या उघड्या लोखंडाला लावायचा आणि टोक हव्या त्या वायरीला टेकवायचं. तिथपर्यंत करंट पोचला असेल तर मी पेटतो. अडखळत पोचला असेल तर मिणमिणतो. पोचलाच नसेल तर गप्प. बंद पडलेल्या गाडीत करंट कुठपर्यंत चालत आला आणि कुठे बसकण मारली, हे असं एकेक ठिकाण विचारत शोधायचं असतं.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. मला दाजींनी आपल्या हातांनी बनवलं, ते या धंद्यात नवे होते तेव्हा. दाजी हे त्यांचं नाव नव्हे, नातं. गॅरेज त्यांच्या मेहुण्याचं. मेहुणा इंजिनाचं बघायचा आणि दाजी वायरिंगचं. मेहुणा दिवसभर "दाजी, जरा इकडे", "दाजी, हे बघा" असं ओरडायचा, ते ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही त्यांना दाजी म्हणायला लागली. "अख्ख्या रस्त्याने यांना आपली बहीण दिलीय," असं ताई हसून म्हणायच्या.

ताई म्हणजे दाजींची बायको, मेहुण्याची थोरली बहीण. सुट्या भागांचं कपाट त्यांच्या ताब्यात होतं. कुठला फ्यूज कुठल्या डब्यात आहे हे त्यांनाच ठाऊक. आणि गाडी चालू करून बघायची वेळ आली की ड्रायव्हरच्या सीटवरही त्याच. दाजी बॉनेटखाली वाकलेले, मी त्यांच्या हातात, आणि ताई आत चावीला हात लावून बसलेल्या. "मार," असं दाजींनी म्हटलं की ताई चावी फिरवायच्या. या दोघांचा अर्धा संसार उघड्या बॉनेटच्या अल्याड-पल्याड झाला, असं म्हटलं तरी चालेल.

गाडी चालू होईना की माणसं कशी वागतात, ते मी खूप पाहिलं. कुणी टायरला लाथ घालतं. कुणी बॉनेट उघडून, विहिरीत पडलेली बादली शोधावी तसं आत बघत उभं राहतं. "काल तर छान चालली होती," हे वाक्य तर प्रत्येकाचंच. मग गाडी शेवटी कुणी चालवली यावरून नवरा बायकोकडे बघतो, बायको दिराकडे. आणि सगळ्यांचं एकमत होतं ते बॅटरीवर. "बॅटरीच गेली असणार!"

"अहो, फाशी द्यायच्या आधी साक्षीदार तरी तपासा," दाजी म्हणायचे आणि मला खिशातून काढायचे.

आधी मात्र ते कान लावायचे. चावी फिरवल्यावर टकटकटक असा आवाज आला, दिवे मंदावले, तर बॅटरीत जोर नाही किंवा तिची टोकं सैल आहेत. एकच 'टक' होऊन सगळं थांबलं, किंवा काहीच झालं नाही आणि दिवे मात्र झगझगीत, तर दुखणं पुढे. मग बघायचा तो सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. तिला चावीकडून एक बारीक वायर येते, 'ऊठ' असा हुकूम घेऊन. हुकूम पोचतोय का, हे मला विचारायचं. बहुतेक गाड्यांचं निदान एवढ्या वाटेवर कुठेतरी सापडायचंच.

दिवस असे चांगले चालले होते. दाजींचा हात हलका होता आणि जीभ गोड. मेहुणा तापट, पण दाजींच्या शब्दाबाहेर नव्हता.

मग दाजी मला उन्हातून सावलीत नेऊन बघू लागले.

सुरुवातीला मला त्यात काही वाटलं नाही. भर उन्हात माझा उजेड तसाही फिका पडतो. पण पुढे ते सावलीतही माझ्यावर ओंजळ धरू लागले. मग मला तोंडाजवळ न्यायला लागले, इतकं जवळ की त्यांचा श्वास माझ्या मुठीवर धुक्यासारखा बसायचा. त्यानंतर मान कलती करून, डोळ्याच्या कडेने बघायची सवय लागली. गिऱ्हाइकांना तो जुन्या कारागिराचा रुबाब वाटायचा. "बघा कसे तिरपे बघतात, नुसत्या नजरेने ओळखतात," असं एकजण म्हणालाही. दाजी हसले. मला त्या हसण्याची भीती वाटली.

आणि मग एक दिवस त्यांनी आपला अंगठा माझ्या बल्बवर टेकवला. मी पेटलेला होतो. थोड्या वेळात माझी ऊब त्यांच्या कातडीला लागली आणि ते म्हणाले, "आहे. करंट आहे."

तेव्हापासून ते मला अंगठ्याने बघू लागले. आरशात, जेवणाच्या ताटात, रस्त्यावर त्यांचं कसं निभत होतं मला माहीत नाही. मी फक्त खिशातला. पण ओळखीचं माणूस समोर आलं तरी ते बोलेपर्यंत दाजी थांबतात, आवाज ऐकला की मगच मोठ्याने नाव घेतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. ताईंना कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. रोज बघणाऱ्याला रोजचा बदल दिसत नाही. शिवाय दाजी हातांनी इतकं अचूक काम करायचे की संशयाला जागा नव्हती.

अंगठ्याची मात्र एक अडचण आहे. मी आहे की नाही, ते त्याला कळतं. मी अर्धा आहे की पूर्ण, ते कळत नाही.

सिस्टरांची गाडी आली ती अशा दिवसांत. सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणारी नर्स. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना इंजेक्शन देणं, जखमा बांधणं, हे त्यांचं काम. गाडी छोटी, जुनी, मागच्या सीटवर औषधांची पेटी पट्ट्याने बांधलेली.

"कधी चालू होते, कधी नाही," त्या म्हणाल्या. "माणसासारखीच आहे. डॉक्टरांपुढे नेली की लगेच बरी वाटते."

त्या दिवशी मात्र ती गॅरेजातही अडून बसली. दिवे लखलखीत, आवाज काही नाही. ताई आत बसल्या. दाजींनी माझं टोक सेल्फच्या बारीक वायरीवर टेकवलं.

"मार."

ताईंनी चावी फिरवली आणि धरून ठेवली. मी पेटलो, पण कसा? विझत्या निखाऱ्यासारखा. नुसती तांबूस तार. हुकूम निघाला होता, वाटेत कुणीतरी त्याचा गळा दाबला होता. हे मी माझ्या परीने ओरडून सांगत होतो. दाजींचा अंगठा माझ्यावर आला, कोमट लागला.

"करंट येतोय. सेल्फ गेला," दाजी म्हणाले.

सेल्फ बदलला. बदलताना वायरी हलल्या, कुठेतरी काहीतरी नीट टेकलं असावं, आणि गाडी झटक्यात चालू झाली. सिस्टर आनंदाने गेल्या. मी खिशात परत गेलो. सेल्फ चांगला होता हे मला माहीत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

काही दिवसांनी सिस्टर पुन्हा आल्या. गाडी दुसऱ्या एका गाडीला दोर बांधून ओढत आणली होती. मेहुणा हात पुसत पुढे झाला.

"सेल्फ नवाकोरा बसवलाय, सिस्टर. आता काय झालं?"

"काल एका घरून निघाले, तर चालू होईना," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, उलट खाली गेला होता. "पुढच्या घरी एक आजोबा होते. हाडांचा आजार आहे. दुखण्याचं इंजेक्शन वेळेवर गेलं नाही तर फार हाल होतात. रस्त्यावर काही मिळेना, शेवटी पेटी उचलून चालत गेले. पोचले तेव्हा त्यांनी चादरीचं टोक दातांत धरलं होतं. सून दाराबाहेर कानांवर हात ठेवून बसली होती."



"मी भांडायला नाही आले," सिस्टर दाजींकडे बघत म्हणाल्या. "मला एवढंच सांगा दाजी, या गाडीवर भरवसा ठेवू की नको?"

दाजींनी मला खिशातून काढलं.  

"बघतो," ते म्हणाले.

ताई सीटवर बसल्या. मेहुणा पलीकडे दुसऱ्या गाडीखाली शिरला. सिस्टर भिंतीजवळ उभ्या राहिल्या. पुन्हा तीच वायर, पुन्हा तेच "मार". मी पुन्हा तसाच तांबूस, मेल्यासारखा. अंगठा आला.

"आहे की करंट," दाजी पुटपुटले.

बॉनेट उघडं असलं की त्याच्या आणि पुढच्या काचेच्या मधे खाली एक फट राहते. ताई कंटाळून पुढे झुकल्या होत्या. त्या फटीतून त्यांना मी दिसलो.

"अहो, कुठला करंट? मिणमिणतोय तो."

"पेटलाय ना?"

"पेटलाय काय? राखेतल्या निखाऱ्यासारखा दिसतोय. तुम्हाला नाही दिसत?"

"दिसतो ना. उन्हामुळे तुला तसं वाटतंय."

ऊन नव्हतं. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं आणि गॅरेजात ट्यूबलाइट लावलेली होती.

ताई चावी सोडून खाली उतरल्या. दाजींसमोर येऊन उभ्या राहिल्या. "द्या बरं इकडे," म्हणून त्यांनी मला घेतलं. त्यांच्या हातात मी तोवर कधी गेलो नव्हतो. त्यांनी माझं टोक बॅटरीवर टेकवलं. चिमटा मात्र कुठेच लावला नाही, मुठीत लपवून धरला. चिमटा मोकळा असला की मी पेटूच शकत नाही.

"पेटला का?" ताईंनी विचारलं.

दाजींनी मान कलती केली. हात पुढे आणला.

"हात नको. बघून सांगा."

"बॅटरीवर टेकवलास ना? मग पेटणारच."

"पेटलाय का, ते विचारतेय मी."

"पेटलाय," दाजी म्हणाले.

मी ठार काळोख होतो.

इतकी वर्षं मी गाड्यांची परीक्षा घेतली. माझ्या मालकाची परीक्षा माझ्याकडूनच घेतली जाईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ताईंनी मूठ उघडली. चिमटा त्यांच्या तळव्यावर पडलेला होता. त्यांनी तो दाजींच्या बोटांत दिला. दाजींनी तो चाचपला, आणि त्यांना सगळं कळलं.

"कधीपासून?" हे सिस्टरांनी विचारलं.

दाजी गाडीच्या पुढच्या पत्र्यावर टेकले. "मधे एक डाग आहे. जिकडे बघावं तिकडे तो आधी जातो. बाजूचं दिसतं."

सिस्टर त्यांच्यासमोर आल्या. "माझ्या नाकाकडे बघा. काय दिसतं?"

"कान दिसतात. केस दिसतात. मधे काही नाही."

"आणि मी?" ताई म्हणाल्या. "माझ्याकडे बघितल्यावर?"

दाजींनी मान खाली घातली. "तुझा आवाज असतो ना. त्यावरून मी चेहरा लावून घेतो."

ताई रडल्या नाहीत. त्यांनी मला इतकं घट्ट धरलं की माझी वायर मुळाशी करकरली. "बोलला का नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? मला दुसरं काय येतं?"

तेवढ्यात मेहुणा गाडीखालून सरपटत बाहेर आला. त्याने ऐकलं होतं. मला वाटलं, हा आता दाजींच्या गळ्यात पडेल. तो ओरडला. "किती गाड्यांत असा अंदाजाने हात घातलात, दाजी? किती?" मग त्याने हातातला पाना जमिनीवर आपटला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

"यांची गाडी आधी," दाजी उठत म्हणाले. "तू बघ. मी सांगतो."

मग मी ताईंच्या हातात गेलो आणि दाजी ड्रायव्हरच्या सीटवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जागा बदलल्या होत्या. दाजी चावी फिरवून वायरीचा रंग सांगत होते, कुठे शोधायची ते सांगत होते. चावीच्या मागे, वायर निघते तिथे ताईंनी मला टेकवलं.

"लख्ख आहे!"

"आता तीच वायर पुढे धर. पत्र्यातून इंजिनाकडे येते, तिथे एक जोड आहे. जोडाच्या अलीकडे लाव."

"लख्ख."

"पलीकडे."

"मंद. अगदी मंद."

जोड उघडला. आत हिरवट बुरशीसारखा गंज चढला होता, तांब्याची दोन टोकं जेमतेम एकमेकांना शिवत होती. घासून साफ केला, टोकं आवळून बसवली. दाजींनी चावी फिरवली आणि गाडी घरघरत उठली. हा आवाज आला की दाजी नेहमी टाळी वाजवायचे. त्या दिवशी त्यांचे हात स्टिअरिंगवरच राहिले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मेहुण्याने दाजींच्या हातून गेलेल्या गाड्या एकेक करून परत बोलावल्या. गिऱ्हाइकांना खरं कारण सांगितलं. काहीजण पुन्हा आले नाहीत. बहुतेक गाड्या ठीक निघाल्या, पण एका गाडीत दाजींनी टाकलेली वायर पत्र्याच्या धारेवर घासत होती. वरचं आवरण सोलून निघालं होतं आणि शेजारूनच पेट्रोलची नळी गेलेली. मेहुण्याने तो तुकडा कापून आणला, दाजींच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "बोटांनी बघा."

दाजींनी बघितलं. खूप वेळ बघितलं. "मी बंद करतो काम," ते म्हणाले. मेहुणा नको म्हणाला नाही.

एवढं झाल्यावर दाजींना एकाच ठिकाणी जायचं होतं. सिस्टरांनी त्यांना आपल्या गाडीतून आजोबांकडे नेलं. सवयीने मी खिशातच होतो. लहान खोली, खिडकीशी पलंग, उशाला औषधांच्या बाटल्या. आजोबा इतके बारीक की चादरीखाली कुणी आहे असं वाटू नये.

"मी गाडी दुरुस्त करणारा," दाजी दाराशीच उभे राहून म्हणाले. "त्या दिवशी माझ्यामुळे..."

"या, बसा," आजोबा म्हणाले. सुनेने खुर्ची पुढे सरकवली, दाजींनी ती हाताने शोधली. आजोबांनी ते पाहिलं.

"डोळे?"

"हो."

"सांगितलं नाहीत कुणाला."

"नाही."

आजोबांनी मान हलवली. "मीही सुरुवातीला सांगितलं नव्हतं. पाठ दुखते म्हणून तेल चोळत बसलो. घाबरलो होतो, म्हणून तुमचं कळतं मला." मग त्यांचा आवाज कडक झाला. "पण त्या दुपारचं काय करू? ती माझ्या अंगात बसलीय. गोड बोलून ती निघत नाही. माफी बिफी मला जमेल असं वाटत नाही."

"नको," दाजी म्हणाले. "मी मागायला आलोच नाही. समोर यायचं होतं."

"मग आलात ते बरं केलंत. आता आणखी एक करा. डॉक्टरकडे जा. उगाच तेल चोळत बसू नका."

निघताना सुनेने दाजींचा हात धरून त्यांना पायरी दाखवली. 

डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते परत येणार नाही. आधी आले असते तर जास्त वाचलं असतं. एका डोळ्यात थोडं उरलं आहे, ते टिकवायला डोळ्यातच इंजेक्शनं घ्यावी लागतील, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. टिकेलच असं नाही.

मेहुण्याचा राग हळूहळू उतरला, पण तो पूर्वीसारखा "दाजी, इकडे या" असं ओरडत नाही. एक दिवस त्याने एक नवी वस्तू आणून दाजींसमोर ठेवली. माझ्यासारखीच, पण बल्बच्या जागी भोंगा. करंट पूर्ण असेल तर खणखणीत वाजतो, कमी असेल तर घसा बसल्यासारखा. दाजींनी तो बॅटरीवर लावून ऐकला, पुन्हा ऐकला. "ताई शेजारी असेल तेव्हाच," मेहुणा म्हणाला. "आणि तिने बघितल्याशिवाय एकही गाडी बाहेर जाणार नाही." दाजींनी मान हलवली.

माझी जागा त्या भोंग्याने घेतली. मत्सर वाटला का? वाटला. खिशाची सवय सुटत नाही. पण जे मला जमलं नाही ते त्याला जमेल, हेही मला कळतं.

आता मी ताईंच्या पिशवीत असतो, चष्म्याच्या डबीशेजारी. या घडीला आम्ही दवाखान्याच्या लांब बोळात बाकावर बसलो आहोत. दाजींना आत नेलं आहे.   ताईंचा हात पिशवीत माझ्या मुठीवर आहे. त्या मला घट्ट धरतात, सोडतात, पुन्हा धरतात.

वाचकहो, माझं एक ऐका. मला टेकवल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही, माझी घडणच तशी आहे. तुम्हाला तर तोंड दिलेलं आहे. डोळ्यापुढे डाग आला, हात थरथरला, कमी ऐकू यायला लागलं, तर जवळच्या माणसाला त्याच दिवशी सांगा. कमीपणा वाटेल, वाटू दे. तुमच्या हातातल्या कामाच्या दुसऱ्या टोकाला कोण पडून आहे, हे तुम्हाला दिसत नसतं.

दार उघडलं. दाजी आलेत. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसरा ओला. ताई उठल्या, त्यांचा हात आपल्या खांद्यावर ठेवून घेतला.

"दुखतंय?"

"हो," दाजी म्हणाले. मग जरा थांबून, "खूप दुखतंय गं. आणि भीती वाटतेय."

ताईंनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. चला, हळू चला."